मुलावर चोरीचा ठपका, निकाल विरोधात गेला : ग्वाल्हेरमध्ये अपील कसं करायचं?

आमच्या वार्ताहराकडून

ग्वाल्हेर : भुसावळहून पंजाब मेल पकडली की खंडवा, इटारसी, भोपाळ करत गाडी ग्वाल्हेरला येते. सीमेवरच्या तालुक्यांतली कितीतरी माणसं या मार्गावर कामाला जातात. कुणी हॉटेलात, कुणी केटरिंगच्या ठेक्यावर, कुणी लग्नाच्या मंडपावर. सोबत कधी सोळा-सतरा वर्षांचं पोरगंही असतं. परक्या गावात काही वस्तू हरवली की संशय पहिल्यांदा बाहेरून आलेल्या पोरावर जातो. मग फोन येतो, "तुमच्या मुलाला चोरीत धरलंय." घरच्यांना काय करावं ते सुचत नाही. भाषा हिंदी, कागद हिंदी, कोर्ट वेगळं. महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागतो, "मुलगा दोषी." आणि शेजारीपाजारी सांगतात, "पोराला काही होत नाही, सोडून द्या, कशाला वर जाताय?"

हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी फार महागात पडतो. वर जायचं की नाही हे ठरवायला हातात फक्त तीस दिवस असतात. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. कायदा देशभर एकच आहे, त्यामुळे जळगाव, अमरावती किंवा बुऱ्हाणपूरच्या वाचकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी शब्द समजून घ्या

ग्वाल्हेरच्या कोर्टात कानावर पडणारे शब्द आपल्याकडच्यापेक्षा वेगळे आहेत. निम्मा गोंधळ तिथेच होतो.

- आपण म्हणतो बाल न्याय मंडळ, तिथे म्हणतात किशोर न्याय बोर्ड.
- आपलं निरीक्षण गृह म्हणजे तिथलं संप्रेक्षण गृह.
- आपल्याकडे तारीख असते, तिथे पेशी.
- जामीन म्हणजे जमानत. पोलीस ठाणे म्हणजे थाना.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरण म्हणजे जिला विधिक सेवा प्राधिकरण.
- निकालाची प्रमाणित प्रत म्हणजे प्रतिलिपि. बोलताना सगळे नकल म्हणतात.
- कोर्टाचा रोजनामा म्हणजे आदेश पत्रिका.
- अपील हा शब्द दोन्हीकडे तोच.

कायद्यात मुलाला आरोपी किंवा गुन्हेगार म्हणत नाहीत. मराठीत विधिसंघर्षग्रस्त बालक असा लांबलचक शब्द आहे. लांब असला तरी त्यामागे हेतू आहे. हे पोर कायद्याच्या कचाट्यात सापडलंय एवढंच तो सांगतो. त्याच्यावर शिक्का मारत नाही.

चोरीचं प्रकरण मंडळाकडेच राहतं

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. घटनेच्या दिवशी ज्याला अठरा पूर्ण झालेली नाहीत, तो या कायद्याखाली येतो. निकालाच्या दिवशी तो एकोणीस वर्षांचा झाला असला तरी फरक पडत नाही. घटनेची तारीख धरायची, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ मध्ये प्रताप सिंग खटल्यात स्पष्ट केली.

मंडळात तिघे असतात. एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्यातली किमान एक महिला.

सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढांसारखं चालवण्याची तरतूद आहे, पण ती फक्त अतिगंभीर गुन्ह्यांसाठी, ज्यांना हिंदीत जघन्य म्हणतात. म्हणजे ज्यात किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे असे गुन्हे. साधी चोरी तिथपर्यंत जात नाही. मात्र चोरी करताना घातक शस्त्र वापरलं असा आरोप आला की प्रकरण लुटीच्या कलमात जातं आणि किमान सात वर्षांचं कलम लागू शकतं. म्हणून कागदावर कोणतं कलम आहे ते पहिल्या दिवशीच वाचून घ्या.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलमं अशी :

- कलम ३०३(२), साधी चोरी : तीन वर्षांपर्यंत कैद. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू, पहिलीच वेळ आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल तर समाजसेवेची शिक्षा.
- कलम ३०५ : राहत्या घरातली चोरी, तसंच प्रवासी किंवा मालवाहू वाहनातली चोरी. सात वर्षांपर्यंत कैद.

त्याआधीच्या घटनांना जुनं भारतीय दंड विधान लागू होतं. तिथे साधी चोरी ३७९ आणि घरातली चोरी ३८०.

हा फरक कागदी वाटतो, पण तसा नाही. एकच मोबाइल ग्वाल्हेर स्टेशनच्या फलाटावरून उचलला तर एक कलम आणि डब्यातून उचलला तर दुसरं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे किरकोळ गटात मोडतात आणि किरकोळ गुन्ह्याला कायद्यात मोठी सवलत आहे. ती पुढे येईलच.

या शिक्षा प्रौढांच्या आहेत. मुलाला तुरुंग नाही. मंडळ कलम १८ खाली समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन सांगू शकतं, समाजसेवा लावू शकतं, दंड करू शकतं, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांकडे देऊ शकतं, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं.

मग अपील कशासाठी?

"पोराला काही होत नाही" हे पूर्ण खरं नाही. तीन वर्षं घरापासून लांब, दुसऱ्या राज्यातल्या विशेष गृहात राहणं हे काहीच नाही असं कोणत्या आईला वाटेल? शाळा सुटते. परत आल्यावर गावात नाव पडलेलं असतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कलम २४ प्रमाणे अशा निकालामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपिलाची मुदत आणि नियमात ठरलेला काळ संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ती माहिती द्यायची नाही, असं कलम ७४ सांगतं. लहानपणीच्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केंद्रीय दलातल्या एका भरतीच्या प्रकरणात दिला. तेव्हा केवळ नोकरीच्या भीतीपोटी घाबरून जाऊ नका.

आता हिशेब असा. मुलाने खरंच वस्तू उचलली आहे, त्याला त्याची चूक कळली आहे आणि मंडळाने समज देऊन किंवा पालकांच्या ताब्यात देऊन प्रकरण मिटवलं आहे, तर अपिलाच्या फेऱ्यांपेक्षा पोराला शाळेत बसवणं जास्त मोलाचं ठरू शकतं. पण मुलगा पहिल्या दिवसापासून "मी नाही घेतलं" म्हणतोय, पुरावा तोकडा आहे, किंवा आदेश फारच कडक झालाय, तर गप्प बसू नका. न केलेल्या चोरीचा ठपका पोर आयुष्यभर मनात वागवतं. नोंद फाडली तरी ते मनातून जात नाही.

तीस दिवस कसे मोजायचे

अपिलाचं कलम १०१. मंडळाच्या आदेशाने नाराज असलेल्या कुणालाही आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. अज्ञान मुलाच्या वतीने आई, वडील किंवा पालक अपील करतात.

बाल न्यायालय म्हणजे जिल्हा न्यायालयातलंच सत्र दर्जाचं कोर्ट. कायद्यात एके ठिकाणी बाल न्यायालय तर दुसऱ्या ठिकाणी सत्र न्यायालय असा उल्लेख असल्याने गोंधळ व्हायचा. कर्नाटकातल्या एका मुलाच्या प्रकरणात ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. बाल न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर सत्र न्यायालयात. म्हणजे "चुकीच्या कोर्टात आलात" म्हणून कुणी परत पाठवायचा प्रश्न उरत नाही.

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून तारखेचा हिशेब मांडून दाखवतो. समजा, आदेश ३ जूनला झाला. तो दिवस सोडून मोजायचं. तीस दिवस ३ जुलैला भरतात. नकल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. ६ जूनला अर्ज केला आणि १४ जूनला नकल तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून नऊ दिवस मिळाले. मुदत १२ जुलैपर्यंत गेली. पण या नऊ दिवसांच्या भरवशावर राहू नका. ३ जुलै हीच शेवटची तारीख असं मनात धरून चाला.

मुदत उलटली तरी दार बंद होत नाही. उशीर का झाला याचं पटण्यासारखं कारण दिलं तर कोर्ट अपील दाखल करून घेऊ शकतं. पालक परराज्यात होते, आदेश समजलाच नाही, आजारपण होतं, अशी कारणं कागदासकट द्यावी लागतात. दवाखान्याची चिठ्ठी, रेल्वेचं तिकीट, आदेश हातात पडल्याची तारीख, जे असेल ते जपून ठेवा.

कलमात असंही म्हटलंय की असं अपील तीस दिवसांत निकाली काढायचं. तारखा लांबत गेल्या तर वकिलाने हे वाक्य कोर्टाच्या निदर्शनास आणून द्यावं.

कामं या क्रमाने करा

१) आदेश झाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नकलेसाठी अर्ज द्या. फौजदारी प्रकरणात दोषी ठरलेल्याला निकालाची एक प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. आदेश पत्रिका आणि साक्षीदारांच्या जबान्यांची नकलही मागा. नुसत्या शेवटच्या पानावर अपील उभं राहत नाही.

२) वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मुलाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशन कार्ड लागत नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

३) मंडळापुढे ज्या वकिलाने काम पाहिलं त्याच्याकडून फाइल घ्या. नवा वकील केला तरी जुन्याशी भांडण करू नका. फाइल अडकली तर दिवस आपलेच जातात.

४) अपील दाखल केलं म्हणजे आदेश आपोआप थांबत नाही. मुलगा विशेष गृहात असेल तर आदेशाला स्थगिती आणि मुलाचा ताबा पालकांकडे, असा वेगळा अर्ज अपिलासोबतच द्यायला सांगा. हे अनेक जण विसरतात आणि पोर तिथेच राहतं.

५) मुलाचं नाव बाहेर येऊ देऊ नका. नाव, फोटो, शाळा, पत्ता, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपच्या गावगटाला हे लागू नाही असं समजू नका.

अपिलात कोणते मुद्दे चालतात

"माझा मुलगा चांगला आहे" एवढ्यावर अपील होत नाही. आदेशात चूक कुठे झाली ते दाखवावं लागतं. फाइल हातात आली की खालील गोष्टी एकेक करून तपासा.

*वय.* शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम कलम ९४ मध्ये आहे. मुलगा अठराच्या आतला असूनही प्रौढ म्हणून चालवला गेला असेल, तर हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही काढता येतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या बाबतीत त्याला कृत्याची पुरेशी समज होती का, हाही प्रश्न येतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य तर गुन्हाच नसतं.

*मुदत.* चौकशी मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची असते. फार तर दोन महिने वाढवता येतात. किरकोळ गुन्ह्यात ही वाढीव मुदतही संपली आणि चौकशी अपुरीच राहिली, तर कलम १४(४) प्रमाणे कारवाई संपुष्टात येते. वर म्हटलेली मोठी सवलत ती हीच. आदेश पत्रिकेतल्या तारखा बोटावर मोजा. सहा महिने उलटून गेल्यावर साध्या चोरीत दोषी ठरवलं असेल, तर हा पहिला मुद्दा.

*पोलिसांपुढची कबुली.* पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. कबुलीतून वस्तू सापडली असेल तर तेवढाच भाग वापरता येतो. त्यामुळे वस्तू नेमकी कुठून मिळाली, पंच कोण होते, ते साक्षीला आले का, आपल्या म्हणण्यावर टिकले का, हे पाहा.

*वस्तूची ओळख.* मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक बिलाशी जुळवला का? रोकड असेल तर ती त्याच माणसाची हे कशावरून? चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो त्याच्याविरुद्ध कोर्ट अनुमान काढू शकतं, पण काढलंच पाहिजे असं नाही. समजा, हॉटेलात आठ पोरं एकाच खोलीत झोपतात आणि फोन एकाच्या पिशवीत सापडला. पिशवी सगळ्यांच्या हाताशी होती. मग तो फोन त्यानेच ठेवला हे कसं ठरलं? असा प्रश्न मंडळापुढे विचारला गेला नसेल तर अपिलात विचारता येतो.

*कार्यपद्धती.* मुलाला चोवीस तासांत मंडळापुढे आणलं का? पोलीस कोठडीत ठेवलं होतं का? पालकांना कळवलं का? वकील होता का? मराठी मुलाला हिंदी नीट समजत होतं का, दुभाषा दिला का? अशा प्रत्येक चुकीने आदेश रद्द होतोच असं नाही. पण त्या चुकीमुळे मुलाला आपली बाजू मांडता आली नाही हे दाखवता आलं, तर वजन पडतं.

*मंडळाची बैठक.* अंतिम आदेशाच्या वेळी प्रधान दंडाधिकाऱ्यासह किमान दोन सदस्य हजर असलेच पाहिजेत. आदेशावर सह्या कुणाच्या आहेत ते बघा. आदेश देणाऱ्यांची नावं स्पष्ट लिहायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या त्याच निकालात बजावलं आहे.

*सामाजिक तपासणी अहवाल.* परिवीक्षा अधिकाऱ्याने घरची परिस्थिती, शाळा, संगत याची माहिती घेऊन अहवाल द्यायचा असतो. घर जळगाव जिल्ह्यात आणि अहवाल ग्वाल्हेरमध्ये बसून लिहिला असेल, तर त्यात घरचं काय आलं असेल? मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलंय. पालक सांभाळायला तयार असताना विशेष गृह का, याचं कारण आदेशात नसेल तर तो मुद्दा घ्या. अशा वेळी दोषी ठरवण्याविरुद्ध नाही, तर फक्त आदेशाच्या कडकपणाविरुद्धही अपील करता येतं.

"कबूल कर, लगेच सुटशील"

हे वाक्य कोर्टाच्या पायरीवर कुणीतरी सांगतंच. पोर घाबरलेलं असतं, आईवडलांना परतीची गाडी पकडायची असते, मजुरी बुडत असते. मंडळापुढे कबुली दिली की प्रकरण लवकर मिटतं हे खरं. पण मग अपिलात लढायला जागा फार कमी उरते. मुलाने खरंच केलं नसेल तर तारखा वाचवण्यासाठी कबूल करायला लावू नका. आणि कबुली आधीच झाली असेल, तर ती कुणी, कशी, वकील समोर असताना घेतली की नाही, हे नव्या वकिलाला खरं खरं सांगा.

संशयाचा फायदा मुलालाही

"मुलांचं कोर्ट सुधारण्यासाठी असतं, तिथे एवढा काटेकोर पुरावा कशाला?" असा युक्तिवाद जुना आहे. त्याला सर्वांत ठणठणीत उत्तर मिळालं ते अमेरिकेत, आणि तेही चोरीच्याच प्रकरणात.

न्यूयॉर्कमध्ये बारा वर्षांच्या एका मुलाने लॉकरमधल्या बाईच्या पर्समधून ११२ डॉलर घेतले असा आरोप होता. तिथला कायदा म्हणत होता की मुलांच्या बाबतीत पारडं थोडं झुकलं तरी पुरे. न्यायाधीशांनी तर मान्य केलं की हा पुरावा कदाचित संशयातीत नसेल. तरी मुलगा दोषी ठरला. सुरुवातीला दीड वर्ष, पण वाढवत वाढवत अठरा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं सुधारगृहात ठेवता येईल असा आदेश. वरच्या कोर्टांनी तो कायम केला. घरच्यांनी सोडलं नाही. ३१ मार्च १९७० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विनशिप खटल्यात सांगितलं की मुलाचं स्वातंत्र्य जाणार असेल तर गुन्हा संशयातीत सिद्ध झालाच पाहिजे. बारा वर्षांच्या पोराच्या अपिलाने त्या देशातला नियम बदलला.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९६७ मध्ये, गॉल्ट खटल्यात ॲरिझोना राज्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाचं प्रकरण आलं. आरोप अश्लील फोनचा. प्रौढाला त्यासाठी पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद होती, मुलाला मात्र एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृह. त्या राज्यात मुलांच्या कोर्टाविरुद्ध अपिलाची सोयच नव्हती. आपल्याकडे ती आहे, कायद्यात लिहिलेली आहे. न वापरता ती वाया घालवू नये एवढंच.

आपल्या कायद्यातही मुलाला निरपराध मानून सुरुवात करायची, हे पहिल्याच तत्त्वात आहे.

अपील केलं तर शिक्षा वाढेल का?

ही भीती बऱ्याच जणांना असते. मुलाच्या बाजूने केलेल्या अपिलात कोर्ट आदेश कायम करू शकतं, रद्द करू शकतं, सौम्य करू शकतं किंवा प्रकरण पुन्हा मंडळाकडे पाठवू शकतं. दोषी ठरलेल्याने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, हा फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे.

आणि उलट बाजूने? मंडळाने मुलाला चोरीतून निर्दोष सोडलं असेल तर फिर्यादीला त्याविरुद्ध अपील करता येत नाही. कलम १०१(३) तसं स्पष्ट सांगतं. उच्च न्यायालयाचा पुनरीक्षणाचा अधिकार मात्र तिथेही राहतो.

अपीलही फेटाळलं तर

दुसरं अपील नाही. पण कलम १०२ खाली उच्च न्यायालय मंडळाचं किंवा बाल न्यायालयाचं रेकॉर्ड कधीही मागवून आदेश कायदेशीर आणि योग्य आहे की नाही हे पाहू शकतं. यासाठी जबलपूरला जावं लागत नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं खंडपीठ ग्वाल्हेरातच आहे. भिंड, मुरैना, शिवपुरी, दतिया, गुना, विदिशा हे जिल्हेही त्याच्याकडे येतात. पुनरीक्षणात साक्षीपुरावा पुन्हा तपासत बसत नाहीत, कायद्याची ठळक चूक बघतात. म्हणून खरी मेहनत पहिल्या अपिलातच करा.

मुलाला आपल्या जिल्ह्यात आणता येतं

ही तरतूद आपल्या सीमाभागातल्या पालकांनी लक्षात ठेवावी. कलम ९५ प्रमाणे मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं असेल तर, त्याच्या हिताचं असल्यास, त्याला त्याच्या घरच्या जिल्ह्यातल्या मंडळाकडे सोपवता येतं. विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या बाबतीत हे चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्यावरच होतं. म्हणजे देखरेख असो वा संस्था, ती जळगाव किंवा अमरावतीत होऊ शकते. आई दर आठवड्याला भेटू शकते. परतीच्या प्रवासाला दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी जात नाही.

शिवाय कोणत्या संस्थेत किंवा कुणाच्या देखरेखीखाली ठेवायचं एवढाच आक्षेप असेल, तर कलम १०४ खाली मंडळाकडेच अर्ज करून आदेशाचा तेवढा भाग बदलून मागता येतो. मामा-काका ग्वाल्हेरमध्येच राहत असतील तर त्यांच्याकडे ठेवा, असंही मागता येतं. त्यासाठी अपिलाची गरज नाही. मात्र हा अर्ज केला म्हणून अपिलाचे तीस दिवस थांबत नाहीत. अपील ग्वाल्हेरच्याच कोर्टात होतं, कारण आदेश तिथल्या मंडळाचा आहे.

थोडक्यात

- आदेशाची तारीख लिहून ठेवा. त्यापुढचे तीस दिवस कॅलेंडरवर खुणा करा.
- नकलेचा अर्ज लगेच द्या. पोच घ्या.
- मोफत वकील हा मुलाचा हक्क आहे. १५१००.
- कलम, वय, चौकशीच्या तारखा, सह्या, जप्ती, अहवाल : या सहा गोष्टी तपासा.
- स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच.
- नाव-फोटो कुठेही नाही.

शेवटी एक. कागद, तारखा, वकील हे सगळं करताना पोराशी बोलायचं राहून जातं. त्याला एकदा शांतपणे विचारा, "झालं काय होतं?" ओरडू नका, मध्ये बोलू नका. अपील करायचं की नाही याचं उत्तर पुष्कळदा तिथेच मिळतं. आणि उत्तर काहीही आलं तरी घरचे आपल्या बाजूला आहेत, एवढं त्याला कळतं.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, त्यामुळे आपल्या कागदपत्रांसह वकिलाचा किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला जरूर घ्यावा.)